हायवेला इलेक्ट्रिक गाडीची रेंज कोसळते: बिघाड आहे की नाही, हे कसं ओळखायचं

शहरात फिरताना गाडी फुल चार्जवर साडेचारशे किलोमीटर दाखवते. हायवेला लागून १२० चा वेग धरला की प्रत्यक्षात कापलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे स्क्रीनवरचे दीड किलोमीटर उडतात, आणि तीनशेच्या आतच चार्जर शोधावा लागतो. सर्व्हिस सेंटरवाले स्कॅनर लावतात, ‘काही एरर नाही, बॅटरी ओके आहे’ म्हणून गाडी परत देतात. पुढच्या लांबच्या प्रवासात पुन्हा तेच.

ही तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गाडीत खरोखरच काही बिघडलेलं नसतं. पण काहींच्या गाडीत असतं: एखादा ब्रेक धरून राहिलेला असतो, चुकीचे टायर बसवलेले असतात, क्वचित बॅटरीतला एखादा सेल कमकुवत झालेला असतो. अडचण अशी की दोन्ही प्रकारच्या लोकांना स्क्रीनवर लक्षण एकच दिसतं. म्हणून सगळ्यांना सरसकट ‘हळू चालवा’ असं सांगून काही सुटत नाही. आधी निदान झालं पाहिजे.

रेंजचा आकडा बाजूला ठेवा

स्क्रीनवरची रेंज हे मोजमाप नसून अंदाज असतो. बॅटरीत उरलेली ऊर्जा भागिले तुमचा अलीकडचा वापर, एवढंच ते गणित. गाडी आठवडाभर शहरात फिरली असेल तर तिला वाटतं पुढेही तसंच चालणार आहे. त्यामुळे हायवेला निघताना तो आकडा हमखास फुगलेला असतो. काही गाड्या नेव्हिगेशनमध्ये ठिकाण घातलं की चढ-उतार आणि वेग धरून वेगळा अंदाज देतात. तो बराच भरवशाचा असतो, पण निदानासाठी तोही कामाचा नाही.

निदानासाठी बघायचा तो वापर, म्हणजे १०० किलोमीटरला किती युनिट वीज लागली. किलोवॉट-तास म्हणजेच वीजबिलातलं युनिट, त्यामुळे मी पुढे युनिटच म्हणतो. तुमची गाडी ‘एका युनिटला किती किलोमीटर’ असं दाखवत असेल तर १०० ला त्या आकड्याने भागा: ६.१ किमी म्हणजे १०० किलोमीटरला साधारण १६.४ युनिट. ‘एका किलोमीटरला किती वॉट-तास’ असं दाखवत असेल तर १० ने भागा. दुसरा लागणारा आकडा म्हणजे बॅटरीची वापरण्याजोगी क्षमता. ती जाहिरातीतल्या एकूण क्षमतेपेक्षा थोडी कमी असते, कारण वरचा आणि खालचा थोडा भाग सेलच्या आयुष्यासाठी राखून ठेवलेला असतो.

किती घट स्वाभाविक मानायची

याचं उत्तर हिशेबाने काढता येतं आणि ते काढावंच, नाहीतर सगळी चर्चा ‘माझी गाडी जास्त खाते’ आणि ‘माझी नाही खात’ इथेच फिरत राहते.

मध्यम आकाराची एसयूव्ही धरू. माणसं आणि सामान धरून वजन दोन टन, ड्रॅग गुणांक (गाडीचा आकार हवा किती अडवतो त्याचा आकडा, कमी तितका चांगला) ०.२८ आणि समोरचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर, टायर सर्वसाधारण. बॅटरीतून चाकापर्यंत पोचताना १० टक्के ऊर्जा वाया जाते आणि एसी, पंप, इलेक्ट्रॉनिक्स मिळून १ किलोवॉट खातात असं धरू. सपाट रस्ता, वारा नाही, हवा २० अंशांची. मग असं येतं:

ताशी ८० किमी: १०० किमीला सुमारे १३.१ युनिट
ताशी १०० किमी: सुमारे १६.४ युनिट
ताशी १२० किमी: सुमारे २०.७ युनिट

६० युनिट वापरण्याजोगी बॅटरी असेल तर याच क्रमाने रेंज येते साधारण ४५८, ३६६ आणि २९० किलोमीटर. गाडी तीच, दिवस तोच, बॅटरी पूर्ण निरोगी. ८० वरून १२० वर गेलात की एक तृतीयांशाहून जास्त रेंज गेली.

जाते कुठे? १०० च्या वेगातले १६.४ युनिट फोडून बघा. त्यातले १० युनिट निव्वळ हवा कापण्यात जातात, साडेपाचच्या आसपास टायर फिरवत ठेवण्यात आणि एक युनिट एसी वगैरेत. टायरचा खर्च वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग सव्वापट झाला की रोध दीडपटीहून जास्त होतो. म्हणूनच १२० ला हवेचा वाटा १४ युनिटांच्या वर जातो आणि बाकी सगळं मिळून सहाच्या आसपास राहतं.

मर्सिडीझने एप्रिल २०२२ मध्ये व्हिजन ईक्यूएक्सएक्स ही प्रायोगिक गाडी एका चार्जवर १,००० किलोमीटरहून जास्त चालवून दाखवली, १०० किलोमीटरला ८.७ युनिट एवढ्या वापरात. तिचा ड्रॅग गुणांक ०.१७ होता. सरासरी वेग होता ताशी ८७ किमीच्या आसपास. इतक्या निमुळत्या गाडीचीही विक्रमासाठी सरासरी १२० ची ठेवलेली नव्हती.

पेट्रोल-डिझेल गाडीची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं, कारण त्या गाड्या हायवेलाच जास्त ॲव्हरेज देतात. कारण त्यांच्या इंजिनात आहे. शहरातल्या हलक्या लोडवर आणि सिग्नलला उभं असताना ते इतकं इंधन उधळतं की हायवेवरचा हवेचा खर्च त्यात झाकून जातो. मोटर सगळीकडेच काटकसरीने चालते, शहरात ब्रेक लावतानाची ऊर्जा परतही मिळवते, त्यामुळे हवेचा खर्च उघडा पडतो.

कंपनीच्या आकड्याबद्दलही एवढं लक्षात असू द्या की डब्ल्यूएलटीपी ही रेंज ठरवायची प्रमाणित चाचणी अर्ध्या तासाची असते, अंतर सव्वातेवीस किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी ४६.५ किमी. वेग थोडा वेळ १३१ पर्यंत जातो, पण तापमान असतं २३ अंश. तो आकडा खोटा नाही. तो सलग १२० ने जाणाऱ्यासाठी काढलेलाच नाही.

आपल्या गाडीचा खरा आकडा काढा

आता तुमची गाडी या स्वाभाविक घटीत बसते की बाहेर जाते, ते बघायचं. वारा पडलेला दिवस निवडा आणि कोरडा, शक्यतो सपाट रस्ता. टायरमधली हवा आधी बघून घ्या. वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवून टायर आणि बॅटरी गरम होऊ द्या. मग क्रूझ कंट्रोलवर १०० चा वेग धरा, ट्रिप मीटर शून्य करा आणि वीस-पंचवीस किलोमीटर जा. वळून तेच अंतर त्याच वेगाने परत या. दोन्ही दिशांच्या वापराची सरासरी हाच तुमचा आकडा. एकाच दिशेचं माप घेऊन निष्कर्ष काढू नका. डोळ्यांना सपाट वाटणारा रस्ता बऱ्याचदा हळूच चढत असतो.

वेग जीपीएसवर बघा. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यामुळे सगळ्याच गाड्या थोडा जास्त दाखवतात. काट्यावरचे ११० खरे १०५ निघू शकतात. ‘आम्ही दोघं ११० नेच चाललो होतो’ अशा तुलनेत निम्मा घोळ इथेच असतो.

हा आकडा त्याच मॉडेलच्या, त्याच मापाच्या चाकांच्या दुसऱ्या गाडीशी ताडून बघा. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर गाडीच्या वापरात दोष नाही असं मी मानतो. त्यापुढे गेला तर शोधायला कारण आहे.

वापर वाढलाय की क्षमता घटलीय?

रेंज दोन कारणांनी कमी होते: गाडी जास्त खाते किंवा बॅटरीत कमी मावतं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, तरी लोक सरळ बॅटरीवर खापर फोडतात.

क्षमता तपासायची सोपी रीत अशी. बॅटरी गरम असताना एका दमात लांबचा प्रवास करा आणि सुरुवातीची व शेवटची टक्केवारी टिपून ठेवा. समजा ९० वरून ३० वर आलात आणि ट्रिप मीटर म्हणतो ३४ युनिट वापरले. मग ६० टक्क्यांत ३४, म्हणजे पूर्ण बॅटरीत साधारण ५७. नवी असताना ६० होती, तर घट पाच टक्के. काही वर्षं वापरलेल्या गाडीत यात काळजीचं काही नाही. मध्ये गाडी तासन् तास उभी राहिली असेल तर हा हिशेब चुकतो, कारण उभ्या गाडीने खाल्लेली वीज बऱ्याच ट्रिप मीटरमध्ये धरलेली नसते.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर आणखी एक शक्यता आधी काढून टाका. या सेलचं व्होल्टेज चार्ज कमी होत असताना बराच काळ जवळजवळ तेवढंच राहतं, त्यामुळे किती चार्ज उरलाय हे गाडीला नुसत्या व्होल्टेजवरून नीट कळत नाही. दिवसेंदिवस ३० ते ८० मध्येच गाडी खेळवली की टक्केवारीचा अंदाज हळूहळू भरकटतो आणि मग हायवेवर टक्के अचानक गळाल्यासारखे वाटतात. म्हणूनच या बॅटऱ्या ठरावीक काळाने, बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा, १०० टक्के चार्ज करा असं अनेक कंपन्या सांगतात. तसं सलग काही वेळा करून मग पुन्हा मोजा. दुसऱ्या प्रकारच्या, निकेलवाल्या बॅटरीला हा सल्ला लागू नाही. ती रोज ८० पर्यंतच ठेवलेली बरी, लांबच्या प्रवासाआधी १०० केली तर हरकत नाही.

टक्के उडी मारून खाली येत असतील, म्हणजे २० वरून एकदम ८ वर, किंवा १५ टक्क्यांवरच गाडीची ताकद कमी होत असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे. एखादा सेल बाकीच्यांच्या मागे पडल्याची ती खूण असू शकते. टायर, वारा वगैरे बघत बसू नका. थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

वापर जास्त येतोय: कुठे बघायचं

पहिला प्रश्न हा विचारा: जास्तीचा वापर रोजच दिसतो की कधीतरी? कधीतरी दिसत असेल तर कारण बहुधा गाडीच्या बाहेर आहे. रोज दिसत असेल तर गाडीत.

बाहेरच्या कारणांत सगळ्यांत दुर्लक्षित राहतो तो वारा. काचा बंद करून एसीत बसलेल्याला तो कळतच नाही. समोरून ताशी २० किमीचा वारा असेल आणि तुम्ही १०० ने चालला असाल, तर हवेच्या हिशेबात गाडी १२० ने चालली आहे. वरच्याच गाडीचा वापर १६.४ वरून थेट २०.८ च्या आसपास जातो. जाताना रेंज कोसळली आणि येताना छान मिळाली, तर आधी त्या दिवशीचा वारा आठवा, मग रस्त्याचा चढ. दोन टनांची गाडी ५०० मीटर वर चढवायला साधारण ३ युनिट जास्त लागतात. उतरताना त्यातले दोनेक परत मिळतात, पण बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर परत घ्यायला जागाच नसते. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर तिथे काठोकाठ चार्ज करू नका.

थंडीत तीन गोष्टी एकदम होतात. हवा दाट होते (शून्य अंशाला २० अंशांपेक्षा सुमारे ७ टक्के), बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि हीटर सुरुवातीला काही किलोवॉट ओढतो. गाडी प्लगला लावलेली असतानाच केबिन आणि बॅटरी गरम करून निघालात तर यातला बराच खर्च टळतो. ओला रस्ताही वापर वाढवतो, कारण टायरला पाणी बाजूला ढकलत जावं लागतं.

आता गाडीतली कारणं. माझ्या मते इथे पहिला संशयित टायर. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा बघा आणि गाडी थंड असताना हवा भरा. भरल्या गाडीसाठी बऱ्याचदा वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो आणि हायवेच्या प्रवासाला तोच लागतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय हवा आपोआप कमी होते, म्हणून ऋतू बदलला की तपासावंच.

पण हवेपेक्षाही मोठा फरक टायरच्या जातीने पडतो, आणि ‘टायर बदलल्यापासून रेंज गेली’ ही तक्रार अगदी खरी असू शकते. युरोपीय लेबलवर टायरच्या रोधाचे ए ते ई असे वर्ग असतात. मोटारीच्या टायरसाठी ए म्हणजे टनभर वजनामागे ६.५ किलोचा रोध किंवा कमी, ई म्हणजे १०.६ किंवा जास्त. दोन टनांच्या गाडीत या दोन टोकांमधला फरक १०० किलोमीटरला अडीच युनिटांच्या घरात जातो. १६.४ मधले अडीच! कंपनीतून गाडीबरोबर आलेले टायर बहुधा कमी रोधाचे निवडलेले असतात, आणि दुकानात मात्र नुसतं माप जुळवून दुसरे बसवले जातात. नव्या टायरचं रबर जाड असल्याने पहिले काही हजार किलोमीटर तो तसाही जास्त खातो, तेवढी सवलत त्याला द्या. रुंद टायर आणि मोठी रिम घातली असेल तर हवेचाही खर्च वाढलेला असतो.

दुसरा संशयित ब्रेक. इलेक्ट्रिक गाडीत मोटरच बहुतेक वेळा वेग उतरवते, त्यामुळे खरे ब्रेक फार कमी लागतात. न वापरल्याने कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजतात, अडकतात आणि पॅड डिस्कला किंचित घासत राहतो. चालवताना काही जाणवत नाही. तपासायचं असं: हायवेवरून येताना शेवटचे काही किलोमीटर ब्रेकला पाय न लावता, रिजनरेशनवरच, म्हणजे मोटरनेच, वेग उतरवत गाडी थांबवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्कचं तापमान घ्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूपच गरम निघालं तर चोर सापडला. हात लावून बघू नका, डिस्क भाजण्याइतकी तापलेली असू शकते. पिना साफ करून ग्रीस लावणं हे छोटं काम आहे. ते लांबलं तर पॅड आणि डिस्क दोन्ही जातात. टायर एका कडेने झिजत असतील तर त्याच फेरीत अलाइनमेंटही करून घ्या.

मग गाडीच्या अंगावर काय काय लावलंय ते बघा. छतावरचं कॅरिअर रिकामं असलं तरी हवा अडवतं, आणि वरती पेटी असेल तर हायवेवर तिचा खर्च लपत नाही. सामान आत मावत असेल तर आतच ठेवा. सपाट रस्त्यावर आतल्या वजनाचा खर्च बाहेर अडवलेल्या हवेपेक्षा कितीतरी कमी असतो. एकदा वाकून गाडीच्या पोटाखालीही नजर टाका. खालचं सपाट आवरण हवा सरळ मागे जावी म्हणून दिलेलं असतं. कुठे आपटून ते लोंबत असेल किंवा दुरुस्तीच्या वेळी काढलेला भाग परत बसवलाच नसेल, तर हायवेवरचा वापर वाढतो आणि शहरात काहीच फरक दिसत नाही.

रस्त्यात असताना रेंज कमी पडायला लागली तर

वेग उतरवा. बाकी सगळं त्यानंतर. एसी बंद करून घामाघूम होण्यात अर्थ नाही: १०० च्या वेगात १ किलोवॉटचा एसी १०० किलोमीटरला एकच युनिट खातो, आणि काचा उघडल्या तर त्यातलं काही हवेच्या रोधात परत जातं. १२० वरून १०० वर आलात तर सव्वाचार युनिट वाचतात. हीटरची गोष्ट थोडी वेगळी. हीट पंप (कमी विजेत केबिन गरम करणारी यंत्रणा) नसेल तर तापमान उतरवून सीट गरम ठेवलेली परवडते. इको मोड एकसारख्या वेगात फारसं काही करत नाही, तो पेडल मऊ करतो आणि एसी आवरतो. ट्रकला चिकटून चालण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. जितक्या जवळ गेल्यावर मोठा फायदा होतो, तितक्या अंतरात ब्रेक लावायला वेळच मिळत नाही.

हळू जावं की चार्जिंगला जास्त थांबावं, याचंही गणित मांडता येतं. १०० ऐवजी १२० ने गेलात तर दर १०० किलोमीटरला १० मिनिटं वाचतात आणि सव्वाचार युनिट जास्त जातात. चार्जर प्रत्यक्षात ५० किलोवॉट देत असेल तर ती वीज पाच मिनिटांत भरते, म्हणजे जोरात जाणं वेळेच्या हिशेबाने फायद्याचं. २५ किलोवॉटच मिळत असेल तर वाचलेली १० मिनिटं चार्जरपाशीच जातात. ७ किलोवॉटवर पस्तीसएक मिनिटं लागतात, तिथे सावकाश जाणाराच आधी पोचतो. पुढचा चार्जर चालू असेल याची खात्री नसेल तर मात्र हे सगळं विसरून ९० धरा. आणि फास्ट चार्जिंगचा मुक्काम १० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान आखा, कारण ८० च्या पुढे चार्जिंगचा वेग इतका पडतो की शेवटच्या वीस टक्क्यांना जवळजवळ आधीच्या सगळ्यांएवढा वेळ लागू शकतो.

सर्व्हिस सेंटरला काय सांगायचं

‘रेंज कमी मिळते’ असं जॉब कार्डावर लिहिलंत की ‘एरर नाही’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी मोजमाप लिहून द्या: जीपीएसवर १०० चा स्थिर वेग, दोन्ही दिशांची सरासरी अमुक युनिट, तापमान एवढं, टायरची हवा एवढी. ९० ते ३० टक्क्यांत अमुक युनिट मिळाले. आणि नेमकं काम मागा. वापर जास्त असेल तर चारही चाकं उचलून हाताने फिरवून बघा, अलाइनमेंटची प्रिंट द्या. क्षमता कमी असेल तर बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक, दोन्ही लेखी द्या. अनेक कंपन्यांची बॅटरी वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमतेची असते. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर वर्षावर्षाच्या अशा नोंदी हातात लागतात, म्हणून गाडी नवी आणि चांगली असतानाच पहिलं मोजमाप करून ठेवा.